बेताच्या खर्चात स्वसंरक्षणाचे शस्त्र

ज्या गृहस्थाला आपल्या धंद्यापायी दिवसाचा गल्ला जवळ बाळगून रात्री-अपरात्री एकट्याने घर गाठावे लागते, मग तो पेट्रोलपंपाचा चालक असो, तालुक्याच्या गावचा सराफ असो, की गावापासून दूर मळ्यात वस्ती करून राहणारा बागाईतदार असो, त्याने रीतसर अर्ज करून, पोलीस चौकशीला सामोरे जाऊन आणि जिल्हाधिकारी कचेरीचे किंवा पोलीस आयुक्तालयाचे उंबरे झिजवून अखेर शस्त्रपरवाना पदरात पाडून घेतला, की त्याच्यापुढे जो दुसरा प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर देणारा जाणता माणूस त्याला सहसा भेटत नाही. शस्त्र कोणते घ्यावे, हा तो प्रश्न. परवाना कसा मिळवावा हे सांगणारे पुष्कळ असतात. पण खरेदीच्या वेळी दुकानदार आपल्याकडील शिलकी माल पुढे करतो, स्नेही आपल्या आजोबांच्या जर्मन पिस्तुलाची थोरवी गातात, आणि चित्रपटांनी मनावर बिंबवलेली कल्पना तर या दोहोंपेक्षाही अधिक फसवी असते. अशा परवानाधारकासाठी, आणि त्यातही ज्याची ऐपत बेताची आहे त्याच्यासाठी, पुढील विवेचन आहे.

त्याचे सार आरंभीच सांगून टाकणे बरे. शस्त्रावरचा खर्च दुकानातील पावतीपाशी थांबत नाही. काडतुसे, सराव, कुलूपबंद पेटी, अंगावर वागवण्याचे होल्स्टर, परवान्याचे नूतनीकरण आणि वर्षानुवर्षांची निगा, हा सारा बोजा त्या पावतीच्या मागोमाग येतो, आणि तो ज्याला पेलत नाही त्याचे महागडे शस्त्र कपाटात गंजत पडते. म्हणून ज्याचा सराव आपल्या खिशाला झेपेल, जे आपल्या हाताला बसेल आणि जे दिवसभर कपड्याखाली झाकून वागवता येईल, तेच शस्त्र स्वस्त समजावे; मग त्याची खरेदीची किंमत शेजारच्या शस्त्रापेक्षा चार पैसे अधिक का असेना.

कायद्याने आखलेले वर्तुळ

अमेरिकेत हा विषय निघाला म्हणजे नऊ मिलिमीटरच्या लहान पिस्तुलांच्या अनेक बनावटींची तुलना सुरू होते. आपल्याकडे ती चर्चा निरर्थक आहे, कारण नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आणि .३८ चे रिव्हॉल्व्हर ही दोन्ही निषिद्ध बोअरची शस्त्रे असून सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ती मिळत नाहीत. १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला, आणि त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम यांनी आखलेल्या वर्तुळातच आपल्याला निवड करावयाची असते, आणि त्या वर्तुळात व्यवहारतः .३२ चे रिव्हॉल्व्हर, .३२ चे पिस्तूल आणि क्वचित .२२ किंवा .२५ ची लहान शस्त्रे एवढीच उरतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळ असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तेव्हा ‘आज हे घेऊ, उद्या दुसरे, परवा तिसरे’ अशी चैन आता कायद्यालाच मान्य नाही. पहिली निवडच विचारपूर्वक करणे भाग आहे.

बेताच्या ऐपतीच्या वाचकाला धीर देणारी एक तरतूद याच अधिनियमात आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे, जिवाला अथवा मालमत्तेला असलेला धोका त्याने पटवून द्यावा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडावा आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी, या अटी मात्र श्रीमंत-गरीब सर्वांना सारख्याच आहेत. परवाना नामंजूर झाल्यास वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे, आणि तो बजावताना नामंजुरीची कारणे लेखी मागून घेण्यास संकोच करू नये.

येथेच एका घातक स्वस्ताईचा निकाल लावून पुढे जाऊ. काही हजारांत मिळणारा गावठी कट्टा ही बचत नव्हे, तो तुरुंगाचा रस्ता आहे. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा कलम २५ मध्ये सांगितली आहे, आणि ज्यावर कारखानदाराचे नाव व क्रमांक नाही किंवा तो खोडलेला आहे असे शस्त्र ज्याच्याजवळ सापडते त्यानेच ती खूण खोडली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा गृहीत धरतो. शिवाय पाण्याच्या नळाचे तुकडे घासून घडवलेली ती नळी काडतुसाचा दाब सोसेलच असा भरवसा कोणीच देऊ शकत नाही. शत्रूवर रोखलेला कट्टा धरणाऱ्याच्याच हातात फुटण्याचा संभव असतो.

बाजारात काय मिळते

नागरिकांसाठी विदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद झाली. त्यापूर्वी आलेली वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग, कोल्ट, स्मिथ अँड वेसन ही शस्त्रे तेव्हापासून एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत आहेत, आणि माल वाढत नाही पण मागणी वाढते या न्यायाने त्यांचे भाव नव्या देशी शस्त्राच्या कित्येक पटींवर गेले आहेत. ही किंमत दुर्मिळतेची आहे, गुणाची नव्हे, हे ध्यानात घ्यावे. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या पिस्तुलाची कमान मेली, किंवा काडतुसाची पुंगळी ओढून काढणारा लहानसा आकडा मोडला, तर त्याचा सुटा भाग मिळवणे म्हणजे महिनोन् महिने दुकानांना विनवण्या करणे. आणि ज्या शस्त्राचा सुटा भाग मिळत नाही, ते संकटाच्या क्षणी विश्वासार्ह राहील असे कोणत्या आधारावर म्हणावे? बडेजावासाठी ज्याला विदेशी नाव हवे असेल त्याने ते घ्यावे. बेताच्या खर्चात संरक्षण हवे असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

उरतात ती देशी शस्त्रे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ चे रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडचे सर्वांत परिचित शस्त्र. जुन्या वेब्लीच्या धर्तीचे, नळी पुढे मोडून उघडणारे, सहा गोळ्यांचे. २०१४ साली कानपूरच्याच सरकारी आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ या नावाचे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांना सोयीचे म्हणून बाजारात आणले, आणि त्याची त्या वेळची १,२२,३६० रुपये ही किंमत वृत्तपत्रांतून बरीच चर्चिली गेली. आयुधनिर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेला, आणि त्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ नावाचे, सिलिंडर बाजूला उघडणारे, ७६ मिलिमीटर नळीचे रिव्हॉल्व्हर आणले. पिस्तुलांत ‘अशनी’ हे .३२ चे सरकारी पिस्तूल आहे. अलीकडे काही खासगी कारखानदारांनाही निर्मितीचे परवाने मिळू लागले असल्याने दुकानात आणखी एखाद-दुसरे नाव दिसेल. खर्चाचा अंदाज करताना करही विसरू नये: रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे, म्हणून सांगितलेला भाव करासह की कराविना, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

आणखी एक खुलासा येथे अवश्य आहे, कारण नवशिक्यांची हटकून फसगत येथेच होते. .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल यांची काडतुसे एक नाहीत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी ठळक काठाचे असते, पिस्तुलाचे आखूड आणि जवळजवळ काठरहित. आकडा एकच म्हणून एकाचे दुसऱ्यात घालण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या भागातील दुकानात यांपैकी कोणती काडतुसे बारमाही मिळतात याची चौकशी शस्त्र घेण्याच्या आधी करावी. पुण्यानजीकच्या खडकी दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालत आला आहे, .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसे बनत आली असल्याने महाराष्ट्रातील दुकानांत ती सहसा दुर्लभ नसतात.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

या वादात दोन्ही पक्षांना सांगण्यासारखे आहे. पिस्तूल चपटे असते, कमरेला त्याचा उंचवटा कमी दिसतो, आणि रिकामे झालेले मॅगझिन काढून दुसरे बसवणे क्षणाचे काम असते. उलट रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर जाड असल्यामुळे पातळ सदऱ्याखाली ते फुगते, आणि सहा गोळ्या संपल्या की पुन्हा भरण्यास सराव असलेल्या हातालाही वेळ लागतो. एवढ्यावरूनच निर्णय द्यावयाचा तर पिस्तूल जिंकेल.

परंतु आपला परवानाधारक हा सैनिक नव्हे. वर्षातून मोजक्या वेळा गोळी झाडणारा, एरवी आपल्या धंद्यात बुडालेला गृहस्थ आहे, आणि त्याची कसोटी लागेल ती अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, कदाचित एकच हात मोकळा असताना. पिस्तुलात मॅगझिन नीट बसले आहे का, गोळी नळीत चढली आहे का, सुरक्षेची कळ वर आहे की खाली, या तीन गोष्टी त्याला त्या क्षणी आठवाव्या लागतात. आणि मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, या गैरसमजापायी नळीत राहिलेल्या एका गोळीने घरोघरी अपघात झाले आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये असे काही नाही. ते भरलेले की रिकामे हे उघडताच डोळ्यांना दिसते, आणि चाप ओढणे याखेरीज दुसरी क्रिया लक्षात ठेवावी लागत नाही. काडतूस फुसके निघाले तर पिस्तूलधारकाला दोन्ही हातांनी स्लाइड मागे खेचून ते बाहेर फेकावे लागते. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की सिलिंडर फिरून पुढचे काडतूस आपोआप घोड्यासमोर येते. शिवाय स्लाइड खेचण्यासाठी मनगटात आणि बोटांत जो जोर लागतो तो वयस्कर माणसांपाशी असतोच असे नाही. या सर्व कारणांनी, ज्याला सराव थोडा आणि पैसा बेताचा, त्याने देशी .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जो दर महिन्याला रेंजवर जाणार आहे आणि ज्याला ती सवड व तो खर्च दोन्ही परवडतात, त्याने खुशाल पिस्तुलाचा विचार करावा.

वजनाविषयी एक भ्रम दूर केला पाहिजे. हलके शस्त्र बाळगण्यास सुखाचे, पण झाडण्यास कठोर असते. त्याच काडतुसाचा धक्का ५०० ग्रॅमच्या शस्त्रातून हाताला जितका बसतो तितका ७०० ग्रॅमच्या शस्त्रातून बसत नाही, आणि धक्क्याची धास्ती बसलेला नवखा माणूस चाप ओढण्याआधीच हात आकसून नेम चुकवतो. रोज दहा-बारा तास अंगावर वागवायचे असेल तर हलके, आणि रात्री उशाशेजारच्या कपाटात राहणार असेल तर जड, असा साधारण नियम धरावा.

दुकानातील पारख

जोडा जसा ज्याच्या त्याच्या पायात घालूनच पाहावा लागतो, तसे शस्त्र ज्याच्या त्याच्या मुठीत धरूनच पाहावे लागते. म्हणून जो ते वापरणार त्यानेच दुकानात जावे. दुकानदाराने हाती दिलेले शस्त्र प्रथम उघडून सहाही घरे रिकामी आहेत याची स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाच्या टोकाने खात्री करावी. दुकानदाराने आत्ताच पाहिले असले तरीही. नळीचे तोंड भिंतीच्या दिशेला राहील आणि कोणाच्याही अंगावरून फिरणार नाही, हा दंडक येथूनच सुरू होतो.

मग मूठ धरावी. मनगट सरळ ठेवून धरले असता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकला पाहिजे. बोट ताणावे लागत असेल तर शस्त्र हाताला मोठे आहे, आणि दुसरे पेर आत जात असेल तर लहान. दुकानदाराची परवानगी घेऊन, शक्य तर खोटी काडतुसे घालून, समोरच्या भिंतीवरील एका ठिपक्यावर नेम धरावा आणि चाप सलग दहा वेळा पूर्ण ओढून पाहावा. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतोच. पण सातव्या-आठव्या ओढीला नळीचे टोक ठिपक्याभोवती नाचू लागले, किंवा बोट थरथरले, तर त्या जडपणाशी आपली मैत्री होणार नाही असे समजावे आणि दुसरा नग मागावा. एकाच कारखान्याच्या एकाच बनावटीच्या दोन नगांतही चापाच्या ओढीत फरक आढळतो, म्हणून दोन-तीन नग पाहण्यात संकोच कसला?

यानंतर यंत्राची तपासणी. घोडा पूर्ण मागे चढवून सिलिंडर दोन बोटांनी हलवून पाहावे. केसभर हालचाल क्षम्य, पण ते खडखडत असेल तर काडतूस नळीच्या सरळ रेषेत येत नाही असा अर्थ होतो. हे सहाही घरांच्या बाबतीत करावे, कारण पाच घरे चोख आणि सहावे ढिले असा नगही भेटतो. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची जान त्याच्या वरच्या अडकणीत असते: ते बंद करून एका हातात नळी व दुसऱ्या हातात मूठ धरून हलके हलवावे, सांध्यात खेळ जाणवला तर ते परत करावे. शेवटी ते उघडून मागील बाजूस पांढरा कागद धरावा आणि नळीतून प्रकाशाकडे पाहावे. आतील आटे धारदार व स्वच्छ दिसले पाहिजेत. कोठे खड्डे दिसले तर गंज खाऊन गेला आहे, आणि नळीच्या अंगात एखादे काळसर वलय दिसले तर अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी झाडल्याने नळी फुगली आहे. असे वलय दिसताच, भाव कितीही उतरवून दिला तरी, सौदा तेथेच मोडावा.

जुने शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाकडून परस्पर घ्यावयाचे असेल तर ही तपासणी अधिक कसोशीने करावी, आणि कागदपत्रांची तर दुप्पट. विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय असा व्यवहार पुरा करता येत नाही. आधी पैसे, मग शस्त्र, मग सवडीने कागद, हा उलटा क्रम ज्याने मान्य केला त्याने फौजदारी आपल्या हाताने घरी आणली. शस्त्रावरील क्रमांक, परवान्यावरील नोंद आणि पावती ही तिन्ही अंक-अक्षर मिळाल्याखेरीज शस्त्र हातात घेऊ नये, आणि घेतल्यावर ते नेमून दिलेल्या मुदतीत परवाना शाखेस दाखवून नोंद करून घ्यावी.

झाकून वागवणे

शस्त्र झाकून बाळगणे हा आपल्याकडे ऐच्छिक शिष्टाचार नाही. सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा तत्सम खोळीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि त्यावर बाळगणाऱ्याचा ताबा राहावा, असे २०१६ चे नियमच सांगतात. लग्नाच्या वरातीत कमरेचे पिस्तूल दिसावे म्हणून कोट मागे सारणारा मनुष्य नियमभंग करतो. आणि त्याच वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा २०१९ पासून सांगितल्या आहेत.

होल्स्टरवर काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. चाप पूर्णपणे झाकणारे, शस्त्र घट्ट धरणारे आणि रुंद, ताठ पट्ट्यावर न घसरणारे होल्स्टर शस्त्राच्या किमतीच्या मानाने अल्प खर्चात मिळते, आणि अपघातापासून तेच वाचवते. विजारीच्या खिशात किल्ल्या व नाण्यांबरोबर रिव्हॉल्व्हर टाकणे, मोटारीच्या हातखणात ठेवून चहाला उतरणे, किंवा पिशवीत भाजीखाली दडवणे, या तिन्ही सवयी घातक आहेत. उजव्या हाताच्या माणसाने ते उजव्या कुशीच्या किंचित मागे बांधावे आणि वर सैल सदरा, सफारी किंवा जाकीट घालावे. स्त्रियांनी पर्स वापरायची झाल्यास शस्त्रासाठी स्वतंत्र कप्पा असलेली, आणि नजरेआड न होणारी वापरावी. जुन्या बनावटीच्या ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या पाठीवर टेकतो, त्यात घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच गोळ्या भरण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे.

आपले हवामानही हिशेबात धरले पाहिजे. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यातील दमट हवा आणि बारमाही घाम यांनी पोलादावर आठवड्याभरात तांबूस डाग उमटतात. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून तेलाच्या ओलसर फडक्याने पुसावे, आणि रात्रभर चामड्याच्या होल्स्टरमध्ये कदापि ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. तेल मात्र बेतानेच. सिलिंडरमध्ये पाझरलेले तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत शिरले तर काडतूस फुसके होते. ठेवण्याची जागा कुलूपबंद पोलादी पेटी किंवा तिजोरी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी.

सराव आणि त्याचा खर्च

परवान्यावर वर्षाकाठी किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा लिहिलेली असते, आणि काही जिल्ह्यांत नवी देताना जुन्यांचा हिशेब, क्वचित रिकाम्या पुंगळ्याही मागतात. सारी काडतुसे पेटीत जपून ठेवणारा आणि एकही न झाडणारा परवानाधारक आपल्याकडे सर्वत्र आढळतो. त्याला आपले शस्त्र झाडते का हेही ठाऊक नसते. वर्षाच्या कोट्यातील निम्मी काडतुसे तरी रेंजवर खर्ची घालावीत, आणि त्यातही अंगावर वागवून जुनी झालेली आधी झाडून त्यांच्या जागी नवी भरावीत. झाडताना एखादे न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून काही वेळ थांबावे, कारण उशिरा पेट घेणारे काडतूसही असते. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर मात्र लगेच थांबून नळी मोकळी आहे ना हे तपासावे. दुकानात सांगितलेले ते काळे वलय येथेच जन्म घेते.

याहून स्वस्त सराव म्हणजे छऱ्याचे पिस्तूल. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई शस्त्रास परवाना लागत नाही, छर्रे अत्यल्प किमतीत मिळतात, आणि दहा मीटरवर नेम, श्वास आणि चाप यांचा मेळ बसवण्याचे शिक्षण त्यावर उत्तम होते. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल, कोल्हापुरात दुधाळीची रेंज अशी ठिकाणे आपल्याकडे आहेत. २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत कोल्हापूरचीच. खेळाची नेमबाजी आणि स्वसंरक्षण यांत अंतर असले, तरी चापावरील संयम दोहोंत एकच आहे, आणि तो प्रशिक्षकाच्या नजरेखालीच लवकर अंगी बाणतो.

चाप ओढण्यापूर्वीचा विचार

खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याचा आशय पूर्वीचाच आहे. संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असताना हा हक्क उरत नाही. चोर गल्ला घेऊन पाठ फिरवून पळत असता त्याच्यावर झाडलेली गोळी आणि तो कोयता उगारून अंगावर धावून येत असता झाडलेली गोळी, या दोहोंकडे न्यायालय एकाच नजरेने पाहणार नाही. म्हणून शस्त्र घेतल्यानंतरचा पहिला खर्च एखाद्या जाणत्या फौजदारी वकिलाच्या तासाभराच्या सल्ल्यावर करण्यास हरकत नाही.

रोजच्या व्यवहारातही काही गोष्टी नित्य स्मरणात हव्यात. परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती, राज्यापुरती की देशभर, हे प्रवासापूर्वी वाचावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पंधरा-पंधरा दिवसांचे शस्त्रबंदी हुकूम सणासुदीला व आंदोलनाच्या काळात निघत असतात. ते आपल्याला कितपत लागू आहेत याची ठाण्यात चौकशी करावी. निवडणुकीत छाननी समितीने शस्त्र जमा करण्यास सांगितले तर ते वेळेत जमा करून पावती जपावी. विमानप्रवासास निघण्यापूर्वी पिशवीचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा, कारण तळाशी विसरून राहिलेले एकच काडतूस विमानतळावरील तपासणीत सापडून सभ्य माणसाला पोलीस ठाण्यात बसवते. आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याची वाट न पाहता पुरेसा आधी द्यावा, कारण मुदतबाह्य परवान्यावरील शस्त्र म्हणजे विनापरवाना शस्त्रच.

आता हिशेब मांडावा. जवळची सारी रक्कम शस्त्रावरच उधळू नये. तिचा सुमारे चतुर्थांश भाग प्रथम बाजूला काढावा आणि त्यातून पेटी, होल्स्टर, पहिल्या वर्षाची काडतुसे व रेंजचे शुल्क भागवावे, आणि उरलेल्या रकमेत जे सर्वांत साधे, नवे, देशी, हाताला बसणारे रिव्हॉल्व्हर मिळेल ते घ्यावे. हा चतुर्थांश काढल्यावर शस्त्र परवडत नसेल, तर खरेदी थांबवावी आणि तीच रक्कम दुकानाच्या मजबूत शटरवर, कॅमेऱ्यावर, आणि गल्ल्यातील रोकड रात्री घरी न नेता दिवसाउजेडी बँकेत भरण्याच्या व्यवस्थेवर खर्चावी. कारण ज्याच्याजवळ रोकडच नाही त्याच्यावर दबा धरण्याचे कारणही चोराला उरत नाही, आणि तेवढे करूनही ज्याची भीती खरी उरते, त्याच्याच हाती परवान्याचे शस्त्र शोभते.